गरोदरपणात चहा-कॉफी: किती चालते आणि केव्हा टाळावी?

गरोदरपणाची बातमी कळली की घरातून पहिली सूचना येते ती चहा बंद करण्याची. कुणी उष्णता वाढेल म्हणते, तर कुणी बाळाचा रंग काळा होईल म्हणते. चहाचा आणि बाळाच्या रंगाचा काहीही संबंध नाही, रंग आई-वडिलांकडून येतो. मात्र चहा-कॉफीतील कॅफिनचे प्रमाण सांभाळणे खरोखरच गरजेचे आहे.

कॅफिन बाळापर्यंत पोहोचते का?

हो. कॅफिन वारेतून सहज बाळाच्या रक्तात जाते, आणि ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा बाळाच्या यकृतात अजून तयार झालेली नसते. शिवाय गरोदरपणात आईच्या शरीरातूनही कॅफिन हळू बाहेर पडते. एरवी निम्मे कॅफिन साधारण 5 तासांत कमी होते. शेवटच्या तीन महिन्यांत त्याला 15 तासांच्या आसपास लागू शकतात. म्हणून संध्याकाळच्या चहाने रात्रीची झोप उडते.

कॅफिनचे प्रमाण जास्त असल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा आणि गर्भपाताचा धोका वाढू शकतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

किती प्रमाण सुरक्षित?

दिवसाला 200 मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅफिन घ्यावे, असा सल्ला साधारणपणे दिला जातो. 150 मिलीच्या एका कपात अंदाजे इतके कॅफिन असते:

• चहा: 30 ते 65 मिलिग्रॅम
• इन्स्टंट कॉफी: 50 ते 65 मिलिग्रॅम
• फिल्टर कॉफी: 80 ते 120 मिलिग्रॅम

म्हणजे दिवसाला दोन कप चहा बहुतेकींना चालतो. पण मोठा मग भरून घेतला तर तो दोन कप धरा. ग्रीन टी, कोला आणि चॉकलेट यांतही कॅफिन असते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते असते, त्यामुळे अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एनर्जी ड्रिंक पूर्ण टाळा.

लोहाची गोळी आणि चहा

आपल्याकडे ही बाब कपांच्या हिशेबाइतकीच महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) भारतातील 52 टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय आहे. चहा-कॉफीतील टॅनिनसारखे घटक अन्नातील आणि गोळीतील लोह शोषू देत नाहीत. त्यामुळे गोळी रोज घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर ती चहाच्या जवळपास घेतली जाते का, हे आधी पाहा.

• जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नका.
• लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक ते दोन तासांचे अंतर ठेवा.
• गोळी लिंबूपाण्यासोबत घेतल्यास लोह चांगले शोषले जाते.
• कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, तिची वेळ वेगळी ठेवा.

सवय कशी कमी करावी?

चहा एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवस डोके दुखते, चिडचिड होते. त्यामुळे दर काही दिवसांनी एक कप कमी करा, कप लहान घ्या, पावडर कमी टाका. मळमळ होत असताना उपाशीपोटी चहा घेतल्यास पित्त वाढते, म्हणून आधी थोडे खाऊन घ्या. एखाद्या दिवशी एक कप जास्त झाला तर घाबरू नका. रोजचे प्रमाण महत्त्वाचे आहे.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

पाचव्या महिन्यानंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, बरगड्यांखाली दुखणे यांपैकी काहीही झाले, तर चहा न घेतल्यामुळे होत असेल असे समजून थांबू नका. हे रक्तदाब वाढल्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासून घ्या. धडधड, धाप लागणे किंवा सतत थकवा असेल, तर हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या.