मूल वाचू लागते तेव्हा

मराठी वाचायला शिकणे म्हणजे केवळ मुळाक्षरे ओळखणे नव्हे. पहिलीतले मूल ‘घ’ ओळखते, ‘र’ही ओळखते, पण शब्दाच्या शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ गिळायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते ‘घ... र...’ असे सुटे म्हणून थांबते आणि आपण म्हटले ते ‘घर’ आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. पुढे अडचणी वाढतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चारायची नंतर. रफाराचे नेमके उलटे: ‘सूर्य’मधला ‘र’ आधी म्हणायचा आणि तो बसलेला असतो ‘य’च्या डोक्यावर. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ लिहायला एकच, म्हणायला दोन. मोठ्यांच्या हे इतके अंगवळणी पडलेले असते की मूल अडखळले की त्यांना तो धांदरटपणा वाटतो.

बहुतेक घरांत सुरुवात होते ती बाराखडी घोकण्यापासून. पाठांतराला हरकत नाही, मात्र चालीवर म्हटलेली बाराखडी हे वाचन नव्हे. मधल्याच ‘मे’वर बोट ठेवून विचारले, तर मुलाची गाडी पुन्हा ‘म, मा, मि, मी’पासून सुटते. त्यापेक्षा थोडी अक्षरे घेऊन लगेच शब्द करणे बरे. क, म, ल आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, माल, लाल, कमाल, मालक असे कितीतरी शब्द होतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे अक्षरे लिहून चौकोन कापले की ते जुळवायचा खेळही होतो. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने अक्षरांचे असे गट करून शिकवण्याची वाट महाराष्ट्रात रुजवली.

मूल नेमके कुठे आहे हे इयत्तेवरून ठरवू नये. २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतली वाचनाची कसोटी घरीही वापरण्याजोगी सोपी आहे: अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. चौथीतले मूल शब्दांवरच अडत असेल, तर त्याच्यापुढे चौथीचा धडा ठेवून रोज रडारड करण्यात अर्थ नाही. त्याला जमेल असे, एका पानावर दोन-तीनच शब्द अडतील असे पुस्तक हवे.

वाचताना मूल थांबले की शब्द ओठांवर आणून देण्याची मोठ्यांना घाई असते. मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. पुष्कळदा तेवढ्यात मूल स्वतःच मार्ग काढते. नाहीच जमले तर शब्द झाकून एकेक अक्षर उघडे करावे, आणि जोडाक्षर फारच अवघड असेल तर सरळ शब्द सांगून पुढे जावे. चित्राकडे बघून अंदाज करण्याची सवय मात्र लावू नये. ‘मांजर’ लिहिले असताना चित्र पाहून ‘मनी’ म्हणणारे मूल वाचत नसते. याउलट वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातले मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचते, तेव्हा ते चुकलेले नसते. त्याने अक्षरे ओळखली, अर्थ ओळखला आणि आपल्या बोलीत सांगितला. तिथे टोकले तर घरच्या भाषेचीच लाज वाटू लागते.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाची मांडणी गुणाकारासारखी केली: अक्षरांवरून शब्द उलगडणे गुणिले ऐकलेली भाषा समजणे. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. दुसरी बाजू घरातच भक्कम होते. आजीची गोष्ट, जेवतानाच्या गप्पा, मोठ्याने वाचून दाखवलेले पुस्तक या सगळ्यांतून शब्दांचा साठा होतो. मूल स्वतः वाचू लागल्यावरही वाचून दाखवणे थांबवू नये, कारण त्याला वाचता येते त्याहून कितीतरी अवघड गोष्ट ऐकून समजते. आईवडिलांना वाचता येत नसले तरी अडत नाही. शेजारी बसून ऐकावे आणि ‘मग पुढे काय झालं?’ असे मनापासून विचारावे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. तीच गोष्ट मुलाने पुन्हा पुन्हा मागितली तर द्यावी. ओळखीच्या मजकुरावरच वेग येतो.

पुस्तके विकतच घ्यावी लागतात असे नाही. १९७१ पासून बालभारतीतर्फे निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर मोफत मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतली माणसे मुलांना आपल्याच घरातली वाटतात. शिवाय एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, लग्नपत्रिका आहेतच.

घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळ होणे सुरुवातीला स्वाभाविक आहे. तिसरीपर्यंत नियमित सराव होऊनही तो तसाच राहिला, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, शिक्षकांशी बोलावे. त्यातूनही उलगडा झाला नाही तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. बुद्धी उत्तम असूनही वाचन न जमणे शक्य असते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अक्षमतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू शकतात.