पाणाड्याची काठी कोण फिरवतं?

मंडळी, मोखाड्यात पाण्यावर बोलायचं म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर का? आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, बेसॉल्ट. वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. बरंचसं पाणी वैतरणेकडे वाहून जातं. जे मुरतं, ते कातळाच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात साठतं. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि हाकेच्या अंतरावर नुसती धूळ उडते. पैसा पदरचा, खात्री कशाचीच नाही. अशा वेळी पाणाड्याला बोलावणं येतंच.

कुणी उंबराचं बेचकं धरतो, कुणी तळहातावर नारळ ठेवतो, कुणी तांब्याच्या वाकवलेल्या तारा, कुणी लोलक. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं, असंही आपण ऐकलेलं असतं.

आता, काठी फिरते हे खरं आहे. बेचकं ताणून धरलं की मनगट किंचित वळलं तरी टोक झटकन खाली जातं. मनातली अपेक्षा स्नायू नकळत अमलात आणतात. विल्यम कारपेंटर यांनी १८५२ मध्ये या क्रियेला ‘आयडिओमोटर’ म्हटलं. म्हणजे पाणाड्या लबाडच असतो असं नाही. काठी आपोआप फिरली, असं त्यालाही मनापासून वाटतं.

मग ही अपेक्षा येते कुठून? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, ‘दकार्गल’ नावाचं प्रकरण आहे. जांभूळ, उंबर, वारूळ, मातीचा रंग यांवरून पाणी ओळखण्याच्या खुणा त्यात दिल्यात. त्यातली प्रत्येक खूण खरी ठरतेच असं नाही, पण ती तपासता येते. रानात आयुष्य गेलेल्या माणसाला असं बरंच काही शब्दांत न मांडता कळत असतं. त्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो. भगताने तांदळाचे दाणे पाहून दिलेला कौल वेगळा. तिथे उत्तर देवाकडून येतं. ते चुकलं तर दोष विधीत किंवा विचारणाऱ्यात शोधला जातो, कौलात नाही. काठीची गंमत अशी की ती अनुभवालाच कौलाचं रूप देते. मग ‘इथेच का?’ असं विचारायची सोय राहत नाही.

खुणा काढून घेतल्या तर काय होतं? जर्मनीत म्युनिकजवळ १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे पाहिलं गेलं. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ सरकवायचा, वरच्या मजल्यावरून जागा सांगायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. काही जणांना खास कौशल्य आहे, असं प्रयोगकर्त्यांनी म्हटलं. पण जेम्स एनराइट यांनी तीच आकडेवारी तपासली, तेव्हा सर्वांत चांगले ठरलेले लोकही तसा निकाल पुन्हा देऊ शकले नव्हते. तिथे ना झाड होतं, ना उतार.

तेव्हा पाणाड्याला हाकलू नका, त्याला बोलतं करा. ही जागा का, कोणतं झाड, किती खोल, हे सगळं बोअर मारण्याआधी वहीत लिहा. कोरड्या गेलेल्या बोअरचीही नोंद ठेवा, कारण आपण त्या विसरतो. आणि खर्च करण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण विभागाच्या भूवैज्ञानिकालाही तीच जागा दाखवा.