उघड्या मोटारींतील पट्टा आणि कमान

लॉस एंजेलिस शहरापासून कांहीं तासांच्या वाटेवर मोहावीचें वाळवंट लागतें. त्या वाळवंटांत म्युरॉक आणि एल मिराज या नांवांचीं दोन सरोवरें आहेत. सरोवरें म्हणावयाचीं तीं केवळ पावसाच्या दिवसांपुरतीं. एरवीं पाण्याचा थेंब नाहीं, आणि तळाची चिकणमाती उन्हानें वाळून फरशीसारखी सपाट व टणक झालेली. १९३० नंतरच्या दशकांत या मैदानांवर सुटीच्या दिवशीं पहाटेपासून तरुणांची झुंबड उडे. प्रत्येकाजवळ एखादी जुनी फोर्ड, बहुधा कवडीमोलानें घेतलेली. तिचे मडगार्ड काढलेले, टप उतरवलेला, पुढची काच उपटून टाकलेली. सारी काळजी काय ती एंजिनाची. वजन घटलें कीं वेग वाढतो, या एका सूत्रावर ती गाडी उभी असे. अशा गाडीस पुढें ‘हॉट रॉड’ हें नांव पडलें.

१९३७ सालीं या मंडळींच्या क्लबांनीं एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था काढली. १९४८ च्या जानेवारींत ‘हॉट रॉड’ नांवाचें मासिक निघालें आणि १९४९ सालीं यूटा संस्थानांत बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर त्यांच्या वेगाच्या चांचण्या सुरू झाल्या. हा शौक आजही जिवंत आहे. त्यांतही १९३२ सालच्या फोर्ड रोडस्टरचा मान मोठा. त्या सालीं निघालेल्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाची ताकद ६५ अश्वशक्तीची होती. आज त्याच घाटाच्या गाडींत त्याच्या पांच-सहा पट ताकदीचें एंजिन बसवणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मूळचा पत्रा मिळेनासा झाला तेव्हां काचतंतूचे हुबेहूब सांगाडे निघाले. इतकें सारें बदललें. पण चालकाच्या डोक्यावर आकाशाखेरीज कांहीं नाहीं, ही गोष्ट मात्र कायम राहिली.

आतां प्रश्न असा कीं, अशा गाडींत बसणाऱ्यानें पट्टा बांधावा कीं न बांधावा? बंद मोटारीच्या बाबतींत हा वाद केव्हांच मिटला आहे. अमेरिकेंत १९६८ पासून प्रत्येक नव्या मोटारींत पट्टे बसवणें सक्तीचें झालें. पण १९३२ ची गाडी त्या कायद्याच्या कितीतरी आधींची. तेथें निर्णय मालकाचा. आणि या मालकांपैकीं अनेक जुनीं, अनुभवी माणसें शांतपणें सांगतात कीं, उघडी गाडी उलटली तर बाहेर फेकलें जाण्यांतच जीव वांचण्याची आशा असते. बांधलेला मनुष्य गाडीखालीं सांपडतो.

या समजुतीस आधार मिळतो तो गोष्टींचा. ३० सप्टेंबर १९५५ रोजीं नट जेम्स डीन आपल्या उघड्या पोर्शे गाडींतून चालला असतां कॅलिफोर्नियांतील एका तिठ्यावर दुसऱ्या मोटारीशीं त्याची टक्कर झाली. डीन दगावला. शेजारीं बसलेला त्याचा जर्मन मेकॅनिक बाहेर फेकला गेला, जबर जखमी झाला, पण वांचला. अशी एक हकीकत शंभर ठिकाणीं सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत ती घर करून बसते. फेकले जाऊन जे मेले त्यांची हकीकत सांगावयास मात्र कोणी उरत नाहीं.

येथें थोडें गणित केलें पाहिजे. गाडी दर ताशीं ३० मैल वेगानें जात असेल, तर तींतून उडालेल्या मनुष्याचा वेगही ३० मैलच असतो. हा वेग म्हणजे ३० फूट उंचीवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडलेल्या वस्तूस जमिनीशीं पोंचतांना येणारा वेग होय. वेग दुप्पट झाला कीं उंची चौपट होते. ६० मैल वेगानें फेकला गेलेला मनुष्य १२० फुटांवरून पडल्यासारखा असतो. तो सरळ खालीं न आदळतां घसरत जातो, एवढाच काय तो फरक. घसरतांना वाटेंत झाड, खांब, दगड किंवा समोरून येणारी मोटार आली नाहीं, तर त्याचें नशीब. शिवाय त्याची स्वतःची गाडीही कोलांट्या खात त्याच दिशेनें येत असते. अमेरिकन सरकारच्या नोंदी पाहिल्या तर, प्राणघातक अपघातांत गाडीबाहेर पूर्णपणें फेकल्या गेलेल्यांपैकीं तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक मरण पावलेले दिसतात.

तेव्हां बाहेर फेकलें जाणें ही सुटका नव्हे. परंतु जुन्या मंडळींच्या बोलण्यांत तथ्यच नाहीं, असेंही म्हणतां येणार नाहीं. बंद मोटार उलटते तेव्हां तिचें छप्पर व खांब कांहीं काळ तरी भार झेलतात. उघड्या रोडस्टरला ते नाहींत; पुढची काच असलीच तर तिच्या कडेच्या दांड्या कांडीसारख्या मोडतात. मग गाडीचा भार टेकतो कशावर? आसनाची पाठ खांद्याच्याही खालीं असते. तिच्यावर निघालेला गाडींतील सर्वांत उंच भाग म्हणजे चालकाचें डोकें. तो पट्ट्यानें घट्ट जखडलेला असेल, तर त्या खांबाचें काम त्यालाच करावें लागतें. भीति खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

गाडी उलटते तरी किती वेळां? मोटार उलटणें हें तिची रुंदी आणि तिच्या गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर अवलंबून असतें. खालीं बसवलेली, जड एंजिनाची रोडस्टर सपाट रस्त्यावर सहसा उलटत नाहीं. ती उलटते तें चाक रस्त्याच्या कडेच्या भुसभुशीत मातींत रुतल्यामुळें, किंवा कठड्यास अडखळल्यामुळें. शिवाय मडगार्ड काढल्यामुळें एक निराळेंच संकट उभें राहतें. धांवत्या चाकाची मागची बाजू वर जात असते, पुढची खालीं येत असते. दोन गाड्यांचीं उघडीं चाकें मागेंपुढें एकमेकांस भिडलीं, तर मागच्या गाडीचें चाक पुढच्या चाकावर शिडी चढावी तसें चढतें. अमेरिकेंत २०१० सालीं मोटारींच्या एकंदर अपघातांपैकीं उलटण्याचे प्रकार सुमारे २ टक्के होते. पण मोटारींतील मृत्यूंपैकीं सुमारे ३५ टक्के त्यांत घडले. म्हणजे प्रसंग विरळा, पण आला कीं भयंकर. आणि उरलेल्या ९८ टक्के प्रसंगांत, समोरासमोर टक्कर असो कीं खांबावर आदळणें असो, छाती सुकाणूच्या दांड्यावर जाऊं न देणारा पट्टाच कामास येतो. ज्या गाडीस कमान नाहीं तींतसुद्धां कंबरेचा पट्टा बांधलेला बरा, हें यावरूनच ठरतें.

कमान म्हणजे ज्याला ‘रोल-बार’ म्हणतात तो, चालकाच्या पाठीमागें उभा केलेला पोलादी नळीचा वांक. पट्टा आणि कमान या दोन वस्तु समजल्या जातात, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो. कमान डोक्याभोंवतीची जागा राखते. पट्टा मनुष्यास त्या जागेंत राखतो. एकीवांचून दुसरी अर्धी. ग्रां प्रीच्या शर्यतींत हा धडा फार सावकाश शिकला गेला. तेथें कमान १९६१ सालीं सक्तीची झाली आणि पट्टे १९७२ सालीं! मधलीं अकरा वर्षें कमानीनें राखलेल्या जागेंत मनुष्य राहीलच, याची शाश्वती नव्हती. जळत्या गाडींत अडकण्याची भीति अनेकांना उलटण्याहून मोठी वाटे. इंडियानापोलिस येथें १९५८ च्या शर्यतींत पॅट ओकॉनर याची गाडी उलटून तो मरण पावला, आणि पुढच्याच वर्षापासून डोक्यामागें कमान असल्यावांचून गाडी मैदानांत येऊं देईनात.

हॉट रॉडच्या जगांत हें काम १९५१ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशननें केलें. पाव मैलाची शर्यत ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर संपवणाऱ्या जुन्या बांधणीच्या बंद गाडीस तिच्या नियमांनीं कमान लागते. उघड्या गाडीस हीच अट १३.४९ सेकंदांपासून लागू होते. छप्पर नसण्याची किंमत दोन सेकंद धरली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. नळी पावणेदोन इंच व्यासाची. साध्या पोलादाची असल्यास तिची जाडी ०.११८ इंचाहून कमी चालत नाहीं. पाण्याच्या नळाच्या पाइपाची कमान करणारे कांहीं महाभाग असतात. त्यांची गोष्ट सोडून द्यावी. कमानीचा माथा शिरस्त्राणाच्या किमान तीन इंच वर पाहिजे आणि ती डोक्यापासून सहा इंचांच्या आंत पाहिजे. मागच्या बाजूनें तिरप्या टेकू-नळ्या नसतील, तर गाडी सरकूं लागतांच ती मुडपते.

उंची पुरेशी आहे कीं नाहीं, हें पाहण्याची एक घरगुती रीत मोटारवाल्यांत रूढ आहे. चालकास आसनावर बसवावें आणि केरसुणीचा लांब दांडा कमानीच्या माथ्यापासून गाडीच्या पुढच्या भक्कम भागापर्यंत आडवा ठेवावा. उलटलेली गाडी ज्या दोन ठिकाणीं टेकणार तीं हींच. दांडा डोक्यास लागला, तर कमान शोभेची आहे. प्रदर्शनांत चकाकणाऱ्या पुष्कळ ठेंगण्या कमानी या एका दांड्यापुढें नापास होतात.

पट्ट्याचेंही शास्त्र आहे. १० डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकन हवाई दलांतील डॉक्टर जॉन स्टॅप हे अग्निबाणाच्या घसरगाडीवर बसून ताशीं ६३२ मैल वेगानें गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. स्वतःच्या वजनाच्या ४६ पटींहून अधिक दाब त्यांच्या देहानें सोसला. डोळ्यांत रक्त उतरलें, पण ते वांचले, आणि पुढें बरे झाले. देह नीट बांधलेला असेल तर तो किती सोसतो, हें त्यांनीं दाखवलें. ‘नीट’ या शब्दांत सारें आलें.

कंबरपट्टा हें नांव असलें, तरी दागिन्यासारखा तो कंबरेवर मिरवावयाचा नसतो. तो ओटीपोटाच्या खालीं, कुल्ल्यांच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. पोटावर चढला तर आंतडीं व यकृत फाटतात. तो गाडीच्या चासीशीं जोडावा लागतो. जुन्या फोर्डच्या लांकडी पट्ट्यांत किंवा काचतंतूच्या पातळ तळांत बोल्ट मारला, तर टकरीच्या वेळीं तळाचा तुकडाच हातांत येतो. बोल्ट ७/१६ इंची, आणि त्याखालीं रुंद पोलादी पट्टी.

खांद्यांवरून जाणारे पट्टे याहून फसवे. रोडस्टरची पाठ ठेंगणी म्हणून कित्येकजण ते आसनामागून सरळ खालीं जमिनीशीं बांधतात. टक्कर झाली कीं तेच पट्टे खांदे खालीं खेंचतात आणि पाठीचा कणा वरून दाबला जातो. ते खांद्यांच्या पातळींत, फार तर किंचित् खालीं, कमानीच्या आडव्या नळीशीं बांधलेले पाहिजेत. ज्या गाडीस कमान नाहीं, तींत खांदेपट्टे बांधूंच नयेत, असें जाणते कारागीर सांगतात. नुसत्या कंबरपट्ट्यानें मनुष्यास निदान वांकतां येतें. खांदे बांधले कीं तो ताठ उभा खांब होतो.

आणखी एक लहानसा पट्टा असतो, मांड्यांमधून वर येणारा. त्याचा कंटाळा पुष्कळांना असतो. ५ सप्टेंबर १९७० रोजीं मॉन्झा येथें जॉकेन रिंट या विख्यात चालकाची गाडी कठड्यावर आदळली. खांद्यांचे व कंबरेचे पट्टे त्यानें बांधले होते. हा मधला बांधला नव्हता, कारण आगींतून झटकन् निघतां यावें अशी त्याची इच्छा होती. तो पट्ट्यांखालून पुढें घसरला आणि त्याच पट्ट्यांनीं त्याचा गळा कापला.

रस्त्यावरील चालक शिरस्त्राण घालीत नाहीं, हें कमान बसवणारे विसरतात. उघडें डोकें पोलादी नळीवर आपटलें तर साधी टक्करही प्राणावर बेतते. म्हणून डोकें पोंचेल तेथवर नळीवर कठीण जातीच्या फेसाळ रबराचें आवरण लागतें. बोटानें सहज दबणारें मऊ आवरण या कामीं निरुपयोगी होय. हातांचाही विचार करावा लागतो. गाडी उलटतांना हात आपोआप बाहेर जातो आणि बाजूखालीं चिरडतो. यास्तव ड्रॅग शर्यतींतील उघड्या गाड्यांत मनगटांस आखूड पट्टे बांधून तो आंतच राहील अशी तजवीज करतात. गाडी उलटी होऊन थांबली, तर लोंबकळलेल्या मनुष्यानें प्रथम एक हात जमिनीस टेकावा, मग दुसऱ्यानें बक्कल सोडावें. घाईनें उलट केलें तर इतक्या दिव्यांतून वांचलेली मान शेवटच्या दीड फुटांत मोडावयाची.

एवढें सारें समजूनही अनेक मालक कमान बसवीत नाहींत, आणि त्याचें कारण ते प्रामाणिकपणें सांगतात: १९३२ च्या रोडस्टरची ती नितळ, खालीं झुकलेली रेघ कमानीनें बिघडते. ही तक्रार खोटी नाहीं. ज्यानें वर्षानुवर्षें ती गाडी आपल्या हातानें घडवली, त्याला ती बोंचणारच. यावर कांहीं कारागिरांनीं चासींत खोबणी करून काढतां-घालतां येणारी कमान काढली आहे. प्रदर्शनाच्या दिवशीं ती उतरवून कोठारांत ठेवतात, आणि गाडी नितळ दिसते. संध्याकाळीं त्याच गाडींतून घरीं परततांना खांद्यांचे पट्टे आसनावर मोकळे पडलेले असतात. त्यांना बांधावयाची आडवी नळी कोठारांत असते.