साप पाळायचा म्हणता?

श्रीसाईसच्चरिताच्या बाविसाव्या अध्यायात शिर्डीच्या दीक्षित वाड्यातला एक प्रसंग आहे. संध्याकाळी माडीवर मंडळी जमलेली असताना खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून एक साप आत आला. दिवा आणा, काठ्या आणा, अशी धावपळ उडाली. पण साप आल्या वाटेने निसटला. बिचाऱ्याचा जीव वाचला, म्हणून मुक्ताराम या भक्ताला बरे वाटले. ग्रंथकर्ते हेमाडपंत यांचे मत उलटे होते. साप मारलाच पाहिजे, असे ते म्हणत. दुसऱ्या दिवशी हा वाद साईबाबांपुढे गेला, तेव्हा साप-विंचवासकट सर्व जिवांत ईश्वर आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

मारावा की सोडावा, एवढाच तेव्हा प्रश्न होता. आता त्यात तिसरा आला आहे: पाळावा का? मोबाइलवर गळ्यात पिवळाधमक साप घातलेली तरुण मुले दिसतात आणि घरोघरीच्या पोरांना वाटते, आपल्याकडेही एक असावा. ही ओढ वाईट नाही. मात्र साप घरी आणण्याआधी कायदा, त्याचे शरीर आणि आपल्याकडचे हवामान या तिन्ही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

आधी कायदा. शिर्डीच्या राहाता तालुक्यात उसाचे फड, पेरूच्या बागा, पाटचाऱ्या आणि त्यामुळे उंदीर भरपूर. साहजिकच सापही भरपूर. धामण, तस्कर, कवड्या, दिवड हे बिनविषारी साप, तसेच नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. यातला कुठलाही साप पकडून घरी ठेवता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. नाग आणि अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘पैशाचा पाऊस पाडणारे’ किंवा ‘गुप्तधन दाखवणारे’ मांडूळ विकत घेणाराही आरोपीच ठरतो. मांडूळ पैसा आणत नाही. मातीत राहणारा तो एक गरीब, बिनविषारी साप आहे. शेपूट बोथट असल्यामुळे त्याला दोन तोंडे आहेत, असा भास होतो, इतकेच.

परदेशी सापांचा प्रश्न वेगळा आहे. जगभर नवख्या पाळणाऱ्यांना दोन जाती सुचवल्या जातात: अमेरिकेतला कॉर्न स्नेक आणि आफ्रिकेतला बॉल पायथन. दोन्ही बिनविषारी, स्वभावाने शांत, लांबीला साधारण तीन ते पाच फूट. बॉल पायथन घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो. ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहे. अशा प्राण्यांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम काढले. त्यानुसार ‘परिवेश’ पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी कळवावे लागते. म्हणून कागदपत्रांशिवाय मिळणारा स्वस्त साप बहुधा तस्करीचा, असे समजावे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. घेणारे आहेत, म्हणून हा व्यापार चालतो.

कागदपत्रे चोख असली, तर पुढचे काम सुरू होते. साप स्वतःच्या शरीराची ऊब तयार करत नाही. ती बाहेरून घेतो. त्यामुळे पेटीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा लागतो. बॉल पायथनसाठी उबदार बाजू सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७ अंश ठेवतात. दोन्हीकडे लपायला आडोसा, बसता येईल असे पाण्याचे भांडे आणि घट्ट कडी हवीच. साप बोटभर फटीतूनही निघून जातो. उष्णता देणाऱ्या उपकरणाला थर्मोस्टॅट नसेल, तर सापाचे पोट भाजते आणि तरीही तो तिथून हलेलच, असे नाही.

शिर्डीत हे गणित आणखी अवघड होते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, थंडीत रात्री तो दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि मधेच वीज जाते. म्हणजे एका सापासाठी कूलर, हीटर आणि इन्व्हर्टर तिन्हींची सोय करावी लागते.

खाणे हा बहुतेक घरांतला सर्वांत नाजूक मुद्दा. साप दूध पीत नाही. गारुडी त्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवतो, म्हणून तो समोर येईल ते गिळतो आणि ते त्याच्या जिवावर बेतते. पाळीव सापाला मेलेले उंदीर लागतात. ते गोठवून ठेवायचे, कोमट पाण्यात वितळवायचे आणि चिमट्याने पुढे करायचे. लहान सापाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेले उलटून टाकतो. शाकाहारी घरात फ्रीजमध्ये उंदीर ठेवण्याची परवानगी आधी घ्यावी. साप आणल्यावर भांडण नको.

कात टाकण्याआधी त्याचे डोळे दुधाळ निळे होतात, अंगाचा रंग मळकट दिसतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग तो नाक दगडावर घासू लागतो. ओठापाशी सुटलेली कात उलट्या मोज्यासारखी शेपटीपर्यंत सरकत जाते. तिच्यावर डोळ्यांच्या पारदर्शक झाकण्याही आल्या का, हे पाहावे. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, तर पेटीत ओलावा कमी पडतो, असे समजावे. ती ओढून काढू नये. सापाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांपासून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो.

आणि हे सारे किती वर्षे? कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगतो, बॉल पायथन वीस ते तीस. दहावीच्या मुलाने आणलेला साप त्याचे शिक्षण, नोकरी, लग्न सगळे पाहणार. तो आई-वडिलांच्या गळ्यात पडणार असेल, तर न आणलेला बरा. कंटाळा आला म्हणून परदेशी साप शेतात सोडणे हा तर त्याच्यावर आणि आपल्या निसर्गावर, दोघांवरही अन्याय आहे.

सापांवर प्रेम करायला ते घरात असावे लागत नाहीत. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले, ते साप डिवचल्याशिवाय चावत नाही, हे लोकांना दाखवण्यासाठी. पुढे कात्रजच्या सर्पोद्यानाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. हौस असलेल्या मुलांना आधी तिथे न्यावे, वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राशी भेट घालून द्यावी, आपल्या बांधावरची धामण ओळखायला शिकवावे. वर्षभरानेही ओढ तितकीच राहिली, आणि नोंदणी, वीज, उंदीर व प्राण्यांचा जाणकार डॉक्टर यांची सोय झाली, तरच पुढचा विचार करावा. आणि घरात साप निघालाच, तर काठी न उचलता, त्याच्यावर लांबून नजर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.