एकाने वाचावे, सर्वांनी ऐकावे

साकीनाका, जरीमरी, घाटकोपरच्या गाळ्यांत आपले शिवणकाम, जरीकाम करणारे कारागीर दिवसभर मान खाली घालून राबतात. वर्तमानपत्र वाचायला सवड कुठली? हवानाच्या सिगार कामगारांनी १८६५ साली यावर तोड काढली. काम चालू असताना एकजण मोठ्याने वाचे, बाकीचे ऐकत. वाचणाऱ्याची मजुरी कामगारच भरून देत. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही ही प्रथा रुजली.

आपल्या गाळ्यांतही असे व्हावे, असे आम्हास वाटते. वाचनातून बोलणे निघते. दोन आठवडे खोकणाऱ्याला साथीदार सांगतील की, क्षयाची तपासणी व औषधे पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात, आजार लपवू नये. बिल अडकलेल्याला कळेल की, २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. 'उद्यम' नोंदणी मोफत आहे. दलालाची गरज नाही. उशिराबद्दलचे व्याज घ्यावे का, हे आलिमांना विचारावे. मुद्दल मात्र आपल्या हक्काचे आहे.

जोहरच्या नमाजनंतर अर्धा तास पुरे. वाचणाऱ्याचे काम इतरांनी वाटून घ्यावे, म्हणजे त्याची मजुरी बुडणार नाही.