चांगली बाई मिळत नाही, घडवावी लागते

आठवड्यातून एकदा तरी असा फोन येतोच. "सिस्टर, आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. उद्या घरी सोडतायत. एक चांगली बाई द्या ना." मी विचारते, "चांगली म्हणजे कशी?" उत्तर ठरलेले असते. "प्रामाणिक हवी, स्वच्छ हवी आणि जरा कमी पैशांत हवी." तिला काम येते का, असे विचारणारे फारच थोडे.

सरकारी रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले आणि सातारला घरोघरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवण्याचे केंद्र सुरू केले. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, घरी दोघे म्हातारे, असे चित्र आता गल्लोगल्ली दिसते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्या अंथरुणाशी बसणार कोण, हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरातला आहे.

माझी चूक

सुरुवातीच्या दिवसांत मी एक मोठी चूक केली. अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांसाठी तातडीने बाई हवी होती. कोरेगावच्या बाजूची एक विधवा बाई आदल्याच दिवशी काम मागायला आली होती. स्वभावाने गरीब, कष्टाळू. मी तिला दुसऱ्या दिवशी थेट कामावर पाठवले. तिने आजोबांना वेळेवर जेवू घातले, अंघोळ घातली, अंथरूण लख्ख ठेवले. घरचे खूष होते. पण आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. "शांत झोपलेत, कशाला उठवायचं?" असे तिला वाटे. अडीच आठवड्यांनी माकडहाडावर जखम दिसली, तेव्हा ती आत खोलवर गेलेली होती. आजोबा पुन्हा रुग्णालयात गेले आणि परत आले नाहीत.

त्यांची पत्नी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. ती बाई मात्र माझ्यासमोर बसून रडली, "ताई, मला माहीत असतं तर मी रात्रभर जागले असते." चूक तिची नव्हती. न शिकवता पाठवणाऱ्या माझी होती. त्यानंतर आजतागायत बारा दिवस शिकवल्याशिवाय मी कोणालाही कोणाच्या घरी पाठवलेले नाही.

निवड कशी करावी?

कामाला येणाऱ्या बाईला मी प्रमाणपत्र नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो, "घरी कुणाचं आजारपण काढलंय का?" सासूची, वडिलांची सेवा केलेली बाई बारकावे सांगू लागते. दुसरी परीक्षा खाटेवरची. आमच्यातल्याच एकीला रुग्ण म्हणून झोपवते आणि म्हणते, "हिला कुशीवर करा." हात लावण्याआधी "आजी, जरा वळवते हं" असे जी म्हणते, तिची निम्मी निवड तिथेच होते. "मला सगळं येतं" म्हणणारीची मला भीती वाटते. "येत नाही, दाखवा" म्हणणारी शिकते.

मग ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि आधीच्या दोन घरी स्वतः चौकशी. तिची तब्येतही पाहावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर आधी क्षयरोगाची तपासणी. कावीळ 'ब'ची लस मी सर्वांना घ्यायला लावते.

बारा दिवसांत काय?

पहिला धडा हात धुण्याचा. साबणाने, बोटांच्या बेचक्यांसकट, चाळीस ते साठ सेकंद.

दुसरा धडा त्वचेचा. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो. माकडहाड, खुबा, टाच या जागा रोज उजेडात पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबून फिकट झाला नाही, तर ती जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तिथे हाताला ऊब किंवा कडकपणा लागतो का, ते पाहावे. अशा जागी चोळू नये. एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणे थांबवू नये.

तिसरा धडा भरवण्याचा. रुग्णाला बसते करून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोटे घास द्यावेत. खाताना ठसका लागला किंवा आवाज ओला, घोगरा झाला तर लगेच थांबावे. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये.

अर्धांगाच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढू नये, खांदा निखळतो. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहावी, पण जमिनीला टेकू नये. मधुमेहाचा रुग्ण घामाघूम झाला, थरथरू लागला, असंबद्ध बोलू लागला तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

शेवटचा धडा वहीचा. किती वाजता कूस बदलली, काय खाल्ले, लघवी-शौच, औषध, सारे लिहायचे. लिहिता न येणाऱ्यांसाठी आम्ही खुणांचा तक्ता केला आहे.

काय करायचे नाही, हेही शिकवावे लागते. इंजेक्शन देणे, नाकात नळी घालणे, औषधाचे प्रमाण बदलणे हे मावशींचे काम नव्हे. पांढरा कोट घातल्याने कोणी नर्स होत नाही. असे काम असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेली परिचारिकाच मागा आणि तिचे नोंदणीपत्र पाहा.

घरच्यांनो, तुमच्यासाठी

शिकवलेली बाई टिकवणे तुमच्या हाती आहे. रुग्णाच्या सेवेसाठी आलेल्या बाईकडून सगळ्या घराची धुणीभांडी करून घेऊ नका. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास जागणे नव्हे. तिला सलग झोप आणि आठवड्याची सुट्टी द्या. वेगळा कप, दाराबाहेरचे जेवण, असे अपमान करू नका. तिच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरांनाही लागू आहे आणि तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. माझ्या बायकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

आणि बाई ठेवली म्हणजे आपण सुटलो, असे मानू नका. दिवसातून एकदा वही वाचा, आठवड्यातून एकदा आई-वडिलांची पाठ स्वतः पाहा.

कोरेगावकडची ती बाई अजून माझ्याकडे आहे. नव्या बायकांना कूस बदलायला आता तीच शिकवते. तिने भिंतीवर घड्याळ लावून घेतले आहे. शिकवताना ती त्या आजोबांची गोष्ट सांगते, स्वतःचे नाव न लपवता. ती सांगून झाली की खोलीतली एकही बाई "झोपलेत, कशाला उठवायचं?" असे म्हणत नाही.