आखातातील कारागीर आणि त्याचा अखेरचा हिशेब

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत ज्या मोहल्ल्यातून कुणीच आखातात गेलेले नाही, असा मोहल्ला शोधावा लागेल. गेलेल्यांत फिटर, वेल्डर, रिगर असे कारागीर पुष्कळ. गावात आपण सांगतो की मुलगा आरामकोत आहे. पुष्कळदा तो आरामकोचे काम घेतलेल्या ठेकेदाराकडे असतो. हा फरक किरकोळ नाही. तेलाचा भाव पडला की नवी कामे थांबतात आणि पहिली झळ ठेकेदाराच्या माणसाला लागते. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेले पिंप जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरखाली आले, आणि त्याच वर्षी सौदीत हजारो भारतीयांचे पगार महिनोन्‌महिने थकले. अशा वेळी इकडे उधारीची वही कशी जाड होते, हे आमच्या दुकानदार वाचकांना सांगायला नको.

रिफायनरीचे शटडाऊन निघाले की बारा तासांची पाळी नेहमीची. सौदी कायद्याप्रमाणे वर्षाला रजा २१ दिवसांची, पाच वर्षांनंतर ३० दिवसांची. मुलांच्या किती ईदा बापाशिवाय जातात, हे ज्याचे त्याने मोजावे.

या कष्टांतून एकरकमी हाती येणारी पुंजी म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि तिचाच हिशेब आपल्या माणसांना ठाऊक नसतो. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढे दर वर्षी पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. तोही शेवटच्या पगाराच्या दराने. मात्र स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, आणि दहा वर्षे भरल्यावर पूर्ण.

समजा पगार २,४०० रियाल आहे. नऊ वर्षांचा हिशेब १५,६०० होतो, पण राजीनामा दिल्यास हाती १०,४०० पडतात. दहा वर्षे भरून राजीनामा दिला तर पूर्ण १८,०००. लग्नकार्यासाठी घाईने राजीनामा देऊन येणाऱ्याने हे ७,६०० रियाल आठवावेत. कराराची मुदत संपून सुटलेल्याला ही कपात नाही. पैसे अडकले तर काम सुटल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. म्हणून कराराची प्रत, इकाम्याची प्रत आणि पगाराच्या पावत्या घरी बीबीजवळ असाव्यात.

व्याज नको म्हणून बहुतेकजण ही रक्कम घराच्या स्लॅबमध्ये घालतात. घर हवेच, पण दुसरा मजला पोट भरत नाही. वेल्डिंग येणाऱ्याने ग्रिल-फॅब्रिकेशनची शेड घातलेली आम्हाला अधिक पसंत. भागीदारी करायची तर नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे, तोटा भांडवलाच्या प्रमाणात सोसावा, आणि चुलतभाऊ असला तरी लिहून घ्यावे. फर्मची नोंदणीही करावी. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला कराराची थकबाकी वसूल करण्यासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही.